कार्ड थंड, भाकरी कडक

मला अकलूजला जायचं नव्हतं. एवढ्या एका कारणासाठी मी नवीन कॉम्प्युटर जोडला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

अकलूजला माझी आत्या राहते. बाबा गेल्यापासून तिच्याकडच्या प्रत्येक कार्याला आमच्या घरातर्फे एकानं तरी जायचंच, असा दंडक आहे. आईचे गुडघे एसटीत बसायला तयार नसतात. मग उरते मी आणि पुण्यात नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ. दोघंही बिनलग्नाचे, आणि आत्याचा मोबाइल स्थळांच्या फोटोंनी गच्च भरलेला. ती पंगतीत मुद्दाम शेजारी येऊन बसते आणि मोबाइल ताटाला टेकवून उभा करते. "ह्यो बघ. कारखान्यात हाय. बोलतोय कमी, पण लई गरीब सोभावाचा." मागच्या खेपेला बोलावं लागू नये म्हणून मी एकच पुरी जेवण संपेपर्यंत चावत बसले होते. बरं, आत्या हसली की थेट बाबांसारखी दिसते, त्यामुळे तिच्यावर नीट चिडताही येत नाही. याची मला आणखी चीड येते.

या वेळी आत्याच्या नातीचं बारसं होतं. कोण जाणार हे भाऊ आणि मी नेहमीच्याच पद्धतीनं ठरवतो. गाड्यांच्या शर्यतीचा एक ऑनलाइन गेम आहे. तो पुण्यातून खेळतो, मी सोलापुरातून, आणि हरेल त्यानं अकलूज गाठायचं. माझा जुना कॉम्प्युटर ऐन वळणावर अडखळायचा. चित्र पुन्हा हलायला लागेपर्यंत माझी गाडी झुडपात गेलेली असायची. गेल्या वर्षभरातली डोहाळजेवण, वास्तुशांत, सगळी कार्यं मीच उरकली होती. आता बास, म्हटलं.

सुटे भाग मागवले आणि जेवणाच्या टेबलावर जुनी सोलापुरी चादर अंथरून कॉम्प्युटर जोडायला घेतला. आई समोर भाजी निवडत होती. सगळं बसवून झाल्यावर चादरीवर चार स्क्रू उरले.

"हे कशाचे?" आईनं विचारलं.

"जास्तीचे देतात."

"मिक्सर खोललीस तवाबी हेच म्हणली हुतीस."

मिक्सरचा विषय आमच्या घरात अजून दुखरा आहे, म्हणून मी चारही स्क्रू उचलून खिशात टाकले. पण कॉम्प्युटर पहिल्याच दणक्यात सुरू झाला. विटेएवढं ग्राफिक्स कार्ड, त्याला तीन पंखे. स्क्रीनवरचा डांबरी रस्ता इतका गुळगुळीत धावत होता, की सोलापूरकराला तो खोटाच वाटावा.

अडचण वेगळीच निघाली. गेम चालू केला की कार्ड तापायचं. तापलं की ते स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करायचं, आणि वेग कमी झाला की पुन्हा ते झुडूप. यावर उपाय असतो. कंपनी कार्डाला हवी त्यापेक्षा थोडी जास्तच वीज देऊन पाठवते. ती आपण जरा जरा कमी करत जायची, डाळीला उकळी आल्यावर गॅस बारीक करतो तशी. काम तेवढंच होतं, ताप कमी होतो. फार कमी केली तर स्क्रीन काळा पडतो, मग एक पायरी वर यायचं. प्रत्येक पायरीला कार्डाची परीक्षा घ्यायची. परीक्षा म्हणजे कार्डाला दमवणारा एक प्रोग्रॅम लावून द्यायचा आणि शेवटी तापमान बघायचं.

शनिवारी सकाळपासून मी याच उद्योगात होते. वीज कमी करायची, परीक्षा लावायची, बाल्कनीत चहा घेऊन उभं राहायचं, परत येऊन आकडा बघायचा. आकडा हटेना. उलट एकदा तर वाढला! मी कार्डाला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, सोलापूरच्या हवेलाही घातल्या. खरं तर हवेचा काही दोष नव्हता. आठवडाभर आभाळ नुसतं दाटून येत होतं. पाऊस नाही, ऊन नाही, घरात सगळं सादळलेलं.

दुपारी कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर मला पांढरी भुकटी दिसली. नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर भुकटी! बोट फिरवून जिभेला लावलं.

ज्वारी.

"आई!"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात भाकरी, चेहऱ्यावर साधुसंतांचा भाव.

"मला वाटलंच तू वरडशील. म्हणून तर तू भाईर गेलीस की ठेवत हुते आन् पाय वाजला की उचलत हुते."

हकीकत अशी होती. बारशाला जाताना आत्यासाठी कडक भाकरी न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. ज्वारीची पातळ भाकरी पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. पण ऊन नव्हतं आणि गॅसवर ती करपत होती. तेवढ्यात आईला शोध लागला, की माझ्या खोलीतल्या नव्या पेटीतून वर झकास गरम हवा येते. मग काय, जाळीवर एकेक भाकरी. पेटीचं नाक दाबलेलं आणि मी वीज कमी करतेय!

"अगं, त्याला श्वास घ्यायला जागा लागते!"

"आन् भाकरीला ऊब लागती की. सकाळी चांगला तापत हुता. तू काय करायलीस त्याला? थंड पडाय लागलाय."

या वाक्यानं माझा राग पार वितळला. आकडा मला फसवत होता, पण भाकरीला खरं कळलं होतं. आईनं सकाळी वाळवलेली पहिली भाकरी कडक होती, नंतरची जरा लवचिक, शेवटची तर चक्क घडी घालण्याजोगी. माझं ट्यूनिंग सकाळपासून बरोबरच चाललं होतं. मी आईला मिठी मारली. तिला वाटलं मी भाकरीसाठी मारली.

मग तह झाला. भाकऱ्या जाळीवर ठेवायच्या नाहीत. मागच्या पंख्यापाशी ताटाळ्यात उभ्या लावायच्या. तासाभरात कार्ड गार, गाडी सुसाट. आईच्या भाकऱ्या मात्र रात्रभर खोळंबल्या आणि रविवारी सकाळी कशाबशा कुरकुरीत झाल्या.

दुपारी शर्यत झाली. शेवटच्या वळणावर भाऊ माझ्या पुढे होता. माझं झुडूप समोर दिसलं, आणि या वेळी चित्र अजिबात अडखळलं नाही. मी आतून गाडी काढली आणि जिंकले. खुर्चीवरून उठून नाचले, अगदी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगला दिसेल असं. इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

भाऊ पुण्याहून आला, भाकऱ्यांचा डबा घेऊन अकलूजला गेला. पण हरलेला भाऊ म्हणजे जखमी साप. आत्यानं फोटो दाखवायला मोबाइल काढला तेव्हा यानं सुटका करून घेतली. "आत्या, या भाकऱ्या उन्हात वाळवलेल्या न्हाईत. ताईच्या मशीनवर वाळवल्यात. एकदा बघून ये की."

पुढच्याच आठवड्यात आत्या दारात हजर. सोबत पिशवीभर ज्वारीचं पीठ.

"वन्सं, या की, बसा," आई म्हणाली.

"बसाय न्हाई आले वैनी. माज्या भाकऱ्या कडक झाल्या की निघणार."

दोघींनी मिळून चवड थापली. मागच्या पंख्यापाशी ताटाळं भरलं. मग आत्यानं खुर्ची ओढून माझ्याशेजारी घेतली.

"लाव तुजा गेम. तापाय पायजे न्हवं ते?"

मी गेम लावला. भाऊ तिकडून टपूनच बसला होता. त्यानं पुढची शर्यत तिथल्या तिथे जाहीर केली: नातीच्या जावळाला कोण जाणार? माझे दोन्ही हात गुंतलेले. आत्यानं मोबाइल काढून स्क्रीनला टेकवून उभा केला.

"ह्यो बघ. बँकेत हाय. गाडीबी चालवतो."

मी पुढे होते. कार्ड गार होतं, रस्ता गुळगुळीत होता, झुडूप मागे पडलं होतं. आत्या वाकली आणि ताटाळ्यातली एक भाकरी चाचपून पाहिली.

"लवचिक हाय की गं अजून. थंडच हाय तुजं मशीन. ऱ्हावं लागंल वैनी, चार दिस तरी." असं म्हणून ती हसली, बाबांसारखी, आणि पुढच्या फोटोवर बोट ठेवलं.

मी गाडी सोडून एका हातानं कार्डाची सेटिंग उघडली आणि रीसेट दाबून कंपनीची सगळी वीज त्याला परत दिली.

तिन्ही पंखे घोंगावायला लागले. चित्र अडखळलं, भाऊ हसत पुढे निघून गेला आणि माझी गाडी झुडपात शिरली. मी तशीच गेम चालू ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळानं मागे भाकरी मोडल्याचा कडकन आवाज आला.

"झाली बघ," आत्या म्हणाली. "बाकीच्या होईपत्तोर आजचा दिस जातोय. उद्या पैल्या एसटीनं निघते. जावळाला तूच येणार न्हवं?"