चाकाचा आरा

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांना या जगात एकच गोष्ट सहन होत नसे: समोरच्याने इंग्रजी शब्द वापरावा आणि तो कुठून आला हे न ऐकता निघून जावं. कोरेगावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून ते सांगलीला मुलाकडे राहायला आले, तेव्हा कोरेगावची सुटका झाली आणि सांगली तावडीत सापडली. सिटी बसच्या कंडक्टरने 'तिकीट' म्हटलं, की हे त्याचा हात धरून सांगत, शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ चिकटवलेली चिठ्ठी. एकदा तो वैतागून म्हणाला, "आवं गुरुजी, मग लावू का कपाळाला चिकटवून?" सगळी बस हसली. सर्वांत जास्त हसले ते हेच, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच बसची वाट बघत उभे राहिले. हळदीच्या सौद्यात 'लॉट'चं मूळ सांगून त्यांनी लिलाव एवढा लांबवला, की व्यापाऱ्यांनी चहा मागवला. आम्हा घरच्यांना मात्र गुरुकिल्ली सापडली होती. बहिणीचं ऐकून आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. मामा रुसले, जेवेनासे झाले, की कुणीतरी एखाद्या शब्दाचं धडधडीत चुकीचं मूळ ठोकून द्यायचं. मामा ताडकन उठून दुरुस्ती करत आणि बोलण्याच्या भरात दोन भाकऱ्या संपवत.

मग घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. तो शब्द घरात रोज उच्चारला जाऊ लागला आणि मामा त्याचं मूळ सांगेनात. मी पहिल्यांदा घाबरलो तो तेव्हा. उपचार संपले, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं बोलायला लागा, खा, नाहीतर अंगात काही राहणार नाही. मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पेजेची वाटी जशी जाई तशी परत येई. शेवटी बहिणीचा फोन आला. "दादा, तू ये. तुझ्याइतकं चुकीचं आमच्यात कुणाला बोलता येत नाही."

गेलो. हाडांवर सदरा अडकवल्यासारखे दिसत होते. मी खुर्ची ओढली, आवाज लावला आणि म्हणालो, "मामा, आज चेहरा कसा रेडियंट दिसतोय. तेजस्वी. हा शब्द रेडिओवरून आला, नाही का? रेडिओ लावला की दिवा लागायचा, त्यावरून."

भिंत ऐकत होती. बहीण वाटी धरून उभी. मग वंगण नसलेल्या गाडीसारखं काहीतरी कुरकुरलं. रागावले की मामांच्या तोंडी शाळेची भाषा राहत नसे, बापाची येई.

"उलटं हाय रं, गाढवा."

मग एकेका शब्दाला दम घेत त्यांनी सांगितलं. मूळ लॅटिन. अर्थ, चाकाचा आरा. मधून निघून चहूकडं जाणारा. उजेड तसाच जातो, म्हणून रेडियंट. रेडिओ त्यातनंच आला. "आनि मिरजंचं त्ये बी." थोडं थांबून म्हणाले, "माझा बा जलमभर आरंच तासायचा. त्याला ठावं न्हवतं."

आणि त्यांनी वाटीसाठी हात पुढे केला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आवाजही त्या कुरकुरीपुढे गेला नाही. आजही बहिणीकडे जेवायला बसलो, की मी एखाद्या शब्दाचं चुकीचं मूळ ठोकून देतो. कुणी दुरुस्त करत नाही. भाकरी वाढताना बहिणीचा हात जरासा थांबतो, मीही थांबतो, आणि मग आम्ही जेवायला लागतो.