हा करा

प्रभूच्या प्रार्थनेत परीक्षेपासून लांब ठेव अशी एक विनवणी आहे. लहानपणी बाकीची प्रार्थना मी पुटपुटायचो, पण परीक्षेचं नाव आलं की आवाज थेट चर्चच्या कौलांना. देवाला आमचे गणिताचे मास्तर माहीत आहेत, असंच मला वाटायचं. आणि प्रार्थना ऐकलीही गेली. चौथीच्या परीक्षेआधीच बापाने शाळेतून काढलं आणि गॅरेजात पाने-स्क्रू द्यायला बसवलं. एवढ्या झटपट ऐकणारा देव नंतर मला भेटला नाही. पुढे याहून मोठं मागितलं, ते दिलं नाही. त्यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.

लग्नानंतर हे बायकोला सांगितलं, तर हसून हसून ती चुलीपुढे बसलीच.

"अहो, ती पेपरची परीक्षा नव्हे. माणसाला मोह होतो ना, ती."

"मग सरळ मोह म्हणायचं की."

"तुम्हाला मोह म्हटलं की मोहाची दारूच आठवणार. म्हणून देवाने शब्द बदलला."

ती खोटं बोलत नव्हती. मी ट्रेलर चालवायचो. न्हावा शेव्याला कंटेनर चढवायचा, जासईला उतरवायचा, आणि संध्याकाळी गाडी उभी केली की पाय आपोआप गुत्त्याकडे. एक दिवस ही दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "हा करा."

"काय?"

"तोंड उघडा आणि हा करा."

केला. ट्रॅफिक हवालदाराने रजा टाकावी असं नाक होतं तिचं. पास झालो तर चहा. नापास झालो तर जेवण मिळायचं, शब्द मिळायचा नाही. बायको बोलत नाही म्हणजे काय, ते ज्याची बोलते त्याला कळायचं नाही. शेवटी मी सोडली. पाळकसाहेबांना सांगितलं, देवाच्या भीतीने सोडली. त्यांनी मंडळीपुढे माझी साक्ष ठेवली, लोकांनी हालेलुया म्हटलं. मागच्या बाकावर ही पदरात तोंड घालून हसत होती. कोणाच्या भीतीने सोडली ते तिला माहीत होतं.

सोडली तरी 'हा करा' सुटलं नाही. बाजारातून आलो, हा करा. उपासनेहून आलो, हा करा. आळीतली पोरं माझ्यामागून 'हा, हा' करत पळायची. शेवटी दवाखान्यात हिच्या नाकात नळी होती, वास तो काय येणार. तरी मी आलो की बोट वर करायची. मी वाकून हा करायचो. ती डोळे मिटून मान हलवायची. पास.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. कुलूप उघडून घरात शिरायचं आणि कोणी काही विचारायचं नाही, हे मला अजून जमत नाही.

या मे महिन्यात समोरच्या घरी नातवाची हळद निघाली. समोरचे आगरी, आम्ही ख्रिस्ती, पण त्या घरची म्हातारी आणि आमची ही, दोघी एकमेकींना बहीण म्हणायच्या. त्यामुळे मी तिचा भावजी. मी निरोप पाठवला, मी दुःखात आहे, येणार नाही. आमच्याकडच्या हळदीत पनवेलच्या नळाला येत नाही तेवढी दारू येते, आणि दारात आता नाक नव्हतं. खरं कारण तेच. पण लोकांनी दुःखाचंच धरलं. "काय माणूस आहे, बायकोमागे उंबरा ओलांडत नाही," असं म्हणू लागले. मला ते गोड लागायचं. मग मी आणखी खिडक्या बंद करायचो.

संध्याकाळी डीजेवाल्याने भिंतीएवढे स्पीकर लावले आणि बेंजो सुरू झाला. आधी मांडणीवरचे पेले किणकिणले. मग खाट थरथरली. मी स्तोत्रसंहिता उघडून बसलो, तर अक्षरंच नाचायला लागली. वर बघतो तर भिंतीवर हिचा फोटो हलतोय. डावीकडे, उजवीकडे, बरोबर ठेक्यावर! ही जिवंतपणी कधी नाचली नाही. मला असं हसू आलं म्हणता! एकटाच खाटेवर बसून खो खो हसलो. कितीतरी महिन्यांनी. म्हटलं, तूच नाचतेस तर मी काय घोडं मारलंय? शर्ट चढवला आणि निघालो.

मांडवात सगळं पिवळं. माणसं पिवळी, खुर्च्या पिवळ्या, कुत्रं पिवळं. कोणीतरी माझ्या टकलावर हळद थापली. तांदळाची भाकरी आणि मटण वाढलं, सोबत मूठभर कांदा. झणझणीत! नाक वाहायला लागलं. जेवून उठतोय तोच नवऱ्या मुलाच्या काकाने हातात ग्लास दिला, वर फेस.

"काका, घ्या."

"मी घेत नाही, तुला माहीत आहे."

"ही दारू नाय काका, बियर हाय. आमी पोरांना पन नाय बोलत नाय."

ग्लास गार होता. मे महिन्याचा घाम, वर मटणाचा जाळ. आणि बरं का, मोह कसा येतो ते मला त्या मिनिटाला कळलं. प्रभू रानात उपाशी होता, तेव्हा सैतानाने त्याला घाणेरडं काही दाखवलं नाही, भाकरीचं नाव काढलं. भुकेल्याला भाकर. तसं माझ्याशी तो सैतानाच्या आवाजात बोलला नाही, माझ्याच आवाजात बोलला, आणि तेही मायेने. म्हणाला, किती सोसलंस बाबा. आज एक दिवस. आता हा करा म्हणणारं कोण आहे?

हे शेवटचं जिव्हारी लागलं. नापास झालो तर कळणार कोणाला, आणि पास झालो तरी कोणाला? ग्लास ओठाशी आला. फेस मिशीला लागला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बेंजोवाल्याने चाल बदलली. ती चाल अशी की हळदीला आलेला लंगडासुद्धा उठतो. सगळा मांडव हात वर करून उसळला. माझे पाय कधी सुरू झाले मला कळलं नाही. पण त्या नाचाला दोन्ही हात वर लागतात! एका हातात ग्लास, तो सांडतोय, बाजूच्या बाईची साडी भिजतेय, ती शिव्या देतेय. मी ग्लासाला म्हटलं, मसणात जा, आणि तो खुर्चीवर ठेवला. दोन्ही हात वर केले आणि नाचलो. गुडघे कुरकुरत होते, दातांची कवळी खिशात होती. मी नाचत होतो आणि हसत होतो, मधेच रडतही होतो बहुतेक, हळद डोळ्यांत गेली होती. परत बघतो तर ग्लासवर कोणी पाहुणा बसला होता. पँट भिजली म्हणून ओरडत होता.

मी काही दात-ओठ खाऊन मोहाला हरवलं नाही. मला त्याच्यापेक्षा मोठी मजा मिळाली, एवढंच. पाळकसाहेबांना हे नंतर सांगितलं तर ते विचारात पडले.

घरी निघालो तर मांडवाच्या दारात समोरची म्हातारी काठी आडवी धरून उभी.

"भावजी, हा कर बगू."

मला वाटलं, कानात डीजे घुमतोय. "काय?"

"हा कर. भैन सांगून गेलीय मना. बोलली, हळदीला येल तवा सोरू नको त्याला."

"पण मी येणार नव्हतो."

"ती बोललेली, पयला नाय बोलंल, मंग येल."

माझं तोंड आपोआप उघडलं. हा केला. तेव्हा मिशीवरच्या फेसाची आठवण झाली. म्हातारीने नाक पुढे आणलं, हुंगलं, परत हुंगलं. मग पदराने माझी मिशी खसाखसा पुसली, जशी पोराची पुसतात, आणि म्हणाली, "आता परत."

मी परत हा केला.

"नुसता कांदा!" ती ओरडली. "पास हाय रं! जा घरी."