म्हातारपणासाठी राखलेलं

उचगावच्या ज्या फौंड्रीत मी सगळी नोकरी केली, तिथं मला चिकटवलं ते एका जुन्या फिटरनं. तो माझ्या वडिलांच्या ओळखीचा होता. त्यानं मालकांकडं शब्द टाकला आणि मी डिस्पॅचला क्लार्क म्हणून लागलो. तयार झालेला माल कुठल्या गाडीत चढला, कुणाकडं गेला, एवढं बघायचं काम. फिटर मोठा दिलदार माणूस. पगाराच्या दिवशी चार जणांना घेऊन जेवायला जायचा आणि दुसऱ्या कुणाला खिशात हात घालू द्यायचा नाही. पोरींची लग्नं त्यानं अख्खं गाव जेवू घालून केली. तो रिटायर झाला तेव्हा कंपनीनं शाल दिली, नारळ दिला, आम्ही सगळ्यांनी फोटो काढला.

वर्ष झालं असेल नसेल, तो परत फाटकावर आला. वॉचमन नवा होता, त्याला आत सोडेना. "पावणं, मी हितलाच हाय," तो परत परत सांगत होता, "मालकास्नी भेटून जातो." मी आवाज ओळखून बाहेर आलो. फिटरला फाटकावरचीच, वॉचमनची नोकरी हवी होती. मालकांनी जुन्या ओळखीची लाज राखली आणि ती दिली. पुढं काही वर्षं तो खाकी कपड्यांत त्या फाटकावर बसला. मी आत जाताना उठून सलाम करायचा. असं करू नका म्हणून मी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा की मालक वरून बघत असतात, सवय असलेली बरी. एका दुपारी तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला.

संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. आमची मुलगी तेव्हा लहान होती. बायको भाकरी थापत होती, ती थांबली. "आपलं असं न्हाय व्हायला पाहिजे," एवढंच म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली. आमच्या घरात जे काही ठरलं ते त्या संध्याकाळी ठरलं. नोकरी खाजगी, पेन्शन म्हणून जे मिळणार होतं त्यात दुधाचं बिलही भागलं नसतं. जे काही असणार होतं ते आपण मागं टाकू तेवढंच.

बायको बिद्रीकडची. तिच्या माहेरी ऊस होता, कारखान्याला जायचा, घरात खाण्यापिण्याला कधी हात आखडला नव्हता. तीच मुलगी माझ्या घरात येऊन पुरवून वापरायला शिकली आणि बघता बघता माझ्याहून पटाईत झाली. गॅसचा सिलिंडर शेजारणींपेक्षा तिच्याकडं नेहमी जास्त दिवस चालायचा आणि हे ती येईल त्याला सांगायची. जुन्या साडीची उशीची खोळ व्हायची, खोळीचं पुढं पायपुसणं व्हायचं. कोल्हापुरात राहून आमच्याकडं महिन्यातून एकदाच मटण असायचं, हे मात्र आम्ही बाहेर बोलायचो नाही. बाकीच्या रविवारी सगळ्या गल्लीत मसाला भाजल्याचा वास सुटायचा. त्या दिवशी ती मुद्दाम बटाट्याचा झणझणीत रस्सा करायची आणि वरचा तेलाचा कट तेवढा माझ्या वाटीत काढायची. पाहुणे पाठीमागं आम्हाला चिक्कू म्हणायचे. ते कानावर आलं की ती हसायची. हे सगळं आम्ही रडतकढत केलं असं कुणाला वाटू नये. आम्हाला त्यात मजा वाटत होती. महिनाअखेरीला काही उरलं की आम्ही दोघं शाळेत नंबर आलेल्या पोरांसारखे खूश व्हायचो.

एक गोष्ट तिला मनापासून हवी होती, ती म्हणजे स्कूटर. आमच्या कोल्हापुरात बायका गाडीवरून भाजी आणतात, पोरं शाळेत सोडतात, सासूला मागं बसवून देवीला जातात. ही उन्हात केएमटीच्या बसची वाट बघत थांबायची आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांकडं बघत राहायची. एकदाच तिनं विषय काढला. मी कागद घेऊन आकडेमोड करायला बसलो, तर तिनंच तो कागद बाजूला सारला. "असू दे. रिटायर झाल्यावर घ्या. तवा मीच तुम्हाला मागं बसवून फिरवीन."

मग 'रिटायर झाल्यावर' हे आमच्या घरात एक कपाटच झालं. जे जे नको म्हणायचं ते त्यात ठेवायचं. सहलीची वर्गणी, नवी भांडी, तिच्या भावाबरोबर काशीला जायचं, सगळं त्यात.

मुलगी कॉलेजला होती तेव्हा गल्लीतल्या तालमीच्या हॉलमध्ये डोळ्यांचं फुकट शिबिर झालं. बायको चष्म्याच्या नंबरासाठी म्हणून गेली. तिथल्या डॉक्टरनं डोळ्यांतला दाब वाढलाय, काचबिंदू आहे म्हणून सांगितलं आणि दवाखान्यात पाठवलं. दवाखान्यात थेंब दिले. सकाळी आणि रात्री, दोन्ही डोळ्यांत, जन्मभर. पहिल्या फेरतपासणीला दाब उतरला होता. तिला दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, पेपर वाचता येत होता, सुईत दोरा ओवता येत होता. मग पुढच्या तपासणीला जायचं राहून गेलं. थेंबांची बाटली ती घरखर्चातूनच कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणायची, माझ्याकडं वेगळे पैसे मागायची नाही. रात्री निजताना मान मागं टाकून ती थेंब घालताना मला दिसायची. औषध चालू आहे, असं मी धरून चाललो होतो.

कळंब्याला जागा घेऊन आम्ही तीन खोल्या बांधल्या. मुलगी शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. मीही रिटायर झालो. फंडाचे पैसे आले, ठेवी होत्या, डोक्यावर कर्ज नव्हतं. एक दिवस बँकेतून येऊन मी तिला शेजारी बसवलं आणि सांगितलं की आपल्याला पुरेल. दोघांनाही, कुणापुढं हात न पसरता. तिनं पदरानं डोळे पुसले. इतक्या वर्षांत मी तिला दिलेली चांगली बातमी ती एकच, असं मला वाटतं.

त्याच आठवड्यात आम्ही स्कूटर घेतली. शोरूममध्ये रंग तिनं पसंत केला, गडद लाल. गाडी शिकवण्यासाठी मी तिला सकाळी कळंब्याच्या तलावापलीकडच्या मोकळ्या माळावर नेऊ लागलो. माहेरी तिनं सायकल चालवलेली, त्यामुळं तोल लगेच आला. पहिल्यांदा एकटीनं गोल फेरी मारून आली तेव्हा एवढी हसत होती की तिला ब्रेक लावायचं सुचेना, मीच गाडी धरली. आठवडाभरात ती माळावरच्या कच्च्या रस्त्यानं पार टोकापर्यंत जाऊन यायला लागली.

त्या दिवशी डाव्या बाजूनं एक म्हातारबाबा डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होते. रस्ता मोकळा, ऊन पडलेलं, माणूस चांगला उंच. ती सरळ त्यांच्या अंगावर गेली. वेग नव्हता म्हणून बरं. बाबा पडले, कोपर खरचटलं, गवत सगळीकडं पसरलं. मी पळत गेलो. बाबा उठून बसले आणि तिला म्हणाले, "बाई, मी काय मुंगी हाय व्हय? दिसलो न्हाय?"

"न्हाय दिसला," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून परत म्हणाली, "खरंच न्हाय दिसलं वो काही."

बाबांना दवाखान्यात नेऊन आणलं, पट्टी केली, गवत भरून दिलं. घरी येताना मी गाडी चालवत होतो आणि ती मागं बसली होती. तेव्हा मला एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायची. ताटाशेजारचा तांब्या लवंडायचा. शेजारून कुणी बोललं की दचकायची. धांदरट झालीय म्हणून आम्ही त्यावर हसलो होतो. घरी आल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं, समोर बघायला सांगितलं आणि हात तिच्या कानाजवळून हळूहळू पुढं आणला. दिसला की सांग म्हणालो. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ती 'आला' म्हणाली.

दवाखान्यात आता तरुण डॉक्टरीण होती. तिनं बायकोला एका यंत्रात तोंड घालून बसवलं. आत बारीक दिवे लागतात, लागला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बसून बटणाचा आवाज ऐकत होतो. तो फार कमी वेळा येत होता. मग डॉक्टरणीनं आम्हाला आत बोलावलं आणि थेंब नेमानं घालता ना म्हणून विचारलं.

"व्हय की. एक रात चुकवली न्हाय."

"बाटली किती दिवस पुरते?"

माझी बायको ताठ बसली. सिलिंडरचं सांगताना तिचा आवाज जसा व्हायचा तसाच झाला. "दोन-अडीच महिने घालवते मी."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. कसं घालवता म्हणून तिनं हळूच विचारलं आणि बायकोनं सगळं सांगितलं. सकाळचा थेंब तिनं पहिल्या वर्षीच बंद केला होता. दिवसभर डोळे उघडेच तर असतात, औषध वाया जातं, रात्री झोपेत ते मुरतं, असं तिला वाटलं. एका डोळ्यातून गालावर ओघळलं तर ती ते बोटानं टिपून दुसऱ्या डोळ्याला लावायची. सांगताना ती मधूनमधून माझ्याकडं बघत होती. मी कौतुक करावं असं तिला वाटत असणार. आणि हे जर तिनं मला घरी सांगितलं असतं, तर मी केलंही असतं.

"काकू," डॉक्टरीण म्हणाली, "ती बाटली महिन्यात संपायला पाहिजे होती."

बायकोला आधी कळलं नाही. "म्हंजे जास्त घालायला पाहिजे व्हतं?" असं तिनं विचारलं. मग तिचं तिलाच कळलं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

जे गेलं ते परत येत नाही, हे डॉक्टरणीनं त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन करायचं ते उरलंय ते टिकवायला. ते आम्ही केलं. मग मुलगी आम्हाला पुण्याला घेऊन गेली, तिथं दोन मोठ्या दवाखान्यांत दाखवलं. पैशाची काळजी करू नका, असं मी प्रत्येक डॉक्टरला सांगत होतो. हे वाक्य कधीतरी बोलता यावं म्हणून आम्ही एवढी वर्षं राबलो होतो. डॉक्टर मान हलवायचे. पैशाचा प्रश्नच नव्हता, आणि तेच त्यांना मला कसं सांगावं कळत नव्हतं. ऑपरेशननंतरही नजर आत आत येत गेली. आता तिला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही धुरकट.

स्कूटर तिनंच विकायला लावली. मी चालवतो, तू मागं बस, असं मी म्हटलं तर ऐकेना. नुसती दारात उभी करून काय करायची, म्हणाली. आलेले पैसे बँकेत ठेवून या म्हणून दुसऱ्याच दिवशी माझ्या मागं लागली.

मला वाटलं होतं की आता तरी आम्ही हात सोडून खर्च करू. स्वयंपाकाला बाई लावू म्हणालो, कारण तिचे हात भाजतात. ती नको म्हणाली. मुलीनं दोघांनी पुण्याला येऊन राहा म्हणून आग्रह केला, तेही नको. एकदा मी चिडलो. मी म्हटलं, अगं, हे पैसे कशासाठी ठेवलेत मग? ती चाचपडत भांडी लावत होती. सहज बोलावं तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्यात. म्हातारपणी लागतील."

मी साठीच्या पुढं, ती साठीला टेकलेली. म्हातारपण आणखी कुठलं यायचं राहिलंय, हे मी विचारलं नाही. तिच्या मनात ते अजून पुढंच कुठंतरी आहे. ते फाटकावर खाकी कपड्यांत बसलेलं आहे आणि त्याच्या भीतीनं ती अजून जपून वागते. तिला सांगून पटवायला माझ्याकडं शब्द नाहीत. खरं सांगायचं तर भीती मलाही वाटते. ठेवीची मुदत संपली की मी ती गुपचूप पुढं वाढवून येतो.

थेंब आता मी घालतो, सकाळी आणि रात्री. गालावर ओघळला तर तिचा हात अजून आपोआप वर येतो, टिपायला. मी तो धरतो आणि दुसरा थेंब सोडतो. त्याचा आता फारसा उपयोग नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

संध्याकाळी आम्ही तलावावर चालायला जातो. ती माझा दंड धरते. सुरुवातीला मी तिला सगळं सांगत जायचो. पाणी किती चढलंय, बगळे कुठं बसलेत, कुणी नवी गाडी घेऊन पोरांना फिरवतोय, आभाळाचा रंग कसा झालाय. मला वाटायचं की एवढं तरी तिला द्यावं. काही दिवस तिनं ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी मी असाच बोलत असताना तिनं माझा दंड जरा दाबला.

"सगळं नका सांगू," ती म्हणाली. "पायरी आली की तेवढं सांगा."

तेव्हापासून आम्ही गप्प चालतो. पायरी आली की मी सांगतो.