कुऱ्हाडवाला गेला त्या रविवारी

जळगावात आम्ही चौघं मित्र दर रविवारी दुपारी गच्चीवरच्या एका खोलीत जमायचो आणि राक्षस मारायचो. खेळ तसा सोपा. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक काल्पनिक माणूस व्हायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, आणि एकानं गोष्ट चालवायची. समोर गुहा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय, काय करता? जे करायचं ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. गोष्ट चालवायचो मी. घरचे याला ‘तुमचं ते पोरखेळाचं’ म्हणायचे आणि त्यांचं फार चुकत नव्हतं. आम्ही सगळे नोकरीधंद्याला लागलेले, एकाचं तर लग्नही ठरलेलं.

आमची पद्धत दणकेबाज होती. दार दिसलं की फोडायचं, राक्षस दिसला की हाणायचं, मग पुढचं दार. फासा सगळ्यांसमोर टाकायचा आणि पडला तो पडला. नियमाच्या बाबतीत मी एखाद्या कारकुनालाही लाजवलं असतं. मे महिन्यात वरचा पत्रा असा तापायचा की पंखा नुसती झळ फिरवायचा, आणि चुरमुऱ्यांचा भत्ता खाऊन तेलकट झालेल्या बोटांचे ठसे आमच्या सगळ्या कागदांवर उमटलेले असायचे. इतकं पोटभर हसणं मला पुन्हा कधी मिळालं नाही.

चौघांतला एक माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं नशिराबादला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान, तिथून तो मोटारसायकलवर यायचा. खेळातला त्याचा माणूस म्हणजे एक धिप्पाड, अबोल कुऱ्हाडवाला. दोन वर्षं त्यानं तोच सांभाळला. एका रविवारी हा कुऱ्हाडवाला तुटक्या पुलावर सापडला. वाचायला तीन संधी होत्या, तिन्ही फासे वाईट पडले, आणि तो मेला. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “नियम आहे यार, मी काय करू?” त्यानं कुऱ्हाडवाल्याच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली, चहा संपवला आणि गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की दुकानात गर्दी असायची. मग मीही फोन करणं सोडलं. कागदावरचा माणूस मेला म्हणून कोणी रुसतं का? मी त्याला रडीचा डाव म्हणून मोकळा झालो. वर्षभरात माझी धुळ्याला बदली झाली आणि आमचं रविवारचं जमणंही मोडलं.

धुळ्यात देवपुरात काही मंडळी हाच खेळ खेळतात असं कळलं. निवृत्त चित्रकलाशिक्षक, त्यांना सगळे नाना म्हणतात, एक नर्स आणि कॉलेजच्या दोन मुली. नानांच्या लेकीनं पुण्याहून खेळाचं पुस्तक आणलं होतं. लेक परत गेली, खेळ नानांकडेच राहिला. मी जळगावचा अनुभवी, म्हणून गोष्ट चालवायचं काम लगेच माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी मी नदीच्या उतारावर एक राक्षस उभा केला. आता तलवारी निघतील म्हणून मी फासे पुढे सरकवले. नानांनी चष्मा सारखा केला आणि राक्षसाला विचारलं, “भाऊ, तुमनं गाव कोनतं शे?”

राक्षसाचं गाव मी ठरवलंच नव्हतं. घाईघाईत काहीतरी सांगितलं. मग मामाचं गाव विचारून झालं, बहीण कुठे दिली ते विचारून झालं, आणि अर्ध्या तासात राक्षस नर्सच्या जादूगारणीचा लांबचा मावसभाऊ निघाला. त्यानंच सगळ्यांना खांद्यावर बसवून नदी पार करून दिली. माझी अख्खी लढाई वाया गेली. मी मनातून चरफडत घरी गेलो, पण पुढच्या रविवारी राक्षसांची सोयरीक लिहून घेऊनच आलो.

काही महिन्यांनी तिथेही एक जण मेला. नानांचा वाटाड्या. फासा वाईट पडला, मी तसं सांगितलं आणि खजिन्याचं दार उघडलं. कोणी हललंच नाही.

“मानूस मरी गया ना भाऊ,” नाना म्हणाले. “पहिले त्याना घर जाऊत.”

आणि खरंच गेले. खेळातल्या त्या गावी, त्या घरी, ओट्यावर बसले. नाना आता वाटाड्याचा बाप झाले. एकेकीनं हलक्या आवाजात विचारलं, कसं झालं, काय झालं, आणि नानांनी प्रत्येकीला पहिल्यापासून सांगितलं. आपण भेटायला जातो तिथे जसं चालतं, अगदी तसं. शेवटी मी म्हणालो, “चला, येतो आम्ही.” नर्सनं मला दटावलं, “अशा घरून येतो म्हणून उठतात का?”

सगळे हसले. मला मात्र नशिराबादचा मित्र आठवला.

दोन आठवड्यांनी मी मित्राच्या दुकानात जाऊन बसलो. तो नळ्यांचे जोड डब्यात भरत होता. मी म्हणालो, “त्या दिवशी फासा सोडून द्यायला हवा होता मी.”

“फासा खरा पडला होता,” तो म्हणाला. “त्याचा राग नव्हता मला.”

“मग?”

“मी पुढच्या खेपेला कुऱ्हाडवाल्याला लढाई सोडायला लावणार होतो. नदीकाठी केळीची बाग लावणार होता तो. घरी वही केली होती मी. त्याचं गाव, बायको, बैलजोडी, सगळं लिहिलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“कधी बोलणार? तू दर वेळी दोनच गोष्टी विचारायचास. किती पावलं पुढे जातोस आणि कशानं मारतोस.”

मला माझीच लाज वाटली. धुळ्याला ये, तिथली माणसं वेगळी आहेत, असं मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, आता मन नाही लागत, वहीसुद्धा कुठे गेली कोण जाणे.

तरी मी विचारलं, “बैलांची नावं काय ठेवली होतीस?”

हातातला जोड तसाच धरून तो बराच वेळ विचार करत राहिला. त्याला आठवेनात.