कपाटावरचे हत्ती

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि एखाद्या माणसाबद्दल असं बसून लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, हेही माहीत नाही. पण भाऊ आता नाहीत, आणि त्यांच्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी त्यांची एक सवय सांगतो. फौज काढायची वेळ आली की भाऊ चष्मा काढायचे, खुर्ची फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. "तू पाय. मी नाई पायत. मोठ्यानं वाच."

मी मोबाईलवर बटण दाबून वाचायचो. "भालेवाले."

"बरं."

"आणखी भालेवाले."

"बरं, बरं."

"हमाल."

"हमाल काऊन?" भाऊ भिंतीलाच विचारायचे. मग स्वतःच उत्तर द्यायचे, "असू दे. जे निघन ते आपलं."

ही फौज मातीची होती. वडसा गावात कॉलेजसाठी मी खोली घेतली, तिच्या शेजारच्या घरात भाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे बाई, राहायचे. भाऊंनी सारं आयुष्य आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांत सामान सांभाळण्यात घालवलं होतं. तलवारी, मुकुट, दाढीमिशा सगळं त्यांच्या हातचं. हिवाळ्यात नाटकं, आणि बाकीचे महिने भाऊ रिकामे. त्या रिकाम्या महिन्यांत त्यांनी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिकणमातीचे बोटभर शिपाई केले, चुलीत भाजले आणि नटांच्या तोंडाला लावायच्या रंगाने रंगवले. त्यामुळे चांद्याच्या गोंड राजाची फौज आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, दोन्हींचे गाल लालभडक होते.

हे शिपाई तखतावर मांडून लढाई खेळायची. पट्टीने मोजून सरकायचं, फासा टाकून कोण पडलं ते ठरवायचं. ही कल्पना त्यांना नागपूरच्या फुटपाथवर मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातून सुचली होती. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी नियम फोटो पाहून बसवले. फोटोत खेळणाऱ्यांच्या मधोमध चहाचा एक कप होता. म्हणून भाऊंच्या रणांगणावर उपडा कप कायम, आणि तो म्हणजे टेकडी. मी मासिक वाचलं आणि भीत भीत सांगितलं, "भाऊ, हा कप खेळातला नाही. कोणीतरी चहा पिऊन ठेवलाय."

भाऊंनी कप उचलला आणि परत तिथेच उपडा ठेवला. मग म्हणाले, "टेकडी तर लागतेच ना."

मासिकातले लोक आपली फौज आपणच निवडायचे. ते मात्र भाऊंना अजिबात पटलं नाही. एकदा म्हणे ऐतिहासिक नाटकाच्या वेळी ट्रकमधून भलतीच पेटी उतरली, आणि राजे इन्स्पेक्टरची टोपी घालून दरबारात आले. "लोकायनं टाळ्या वाजवल्या! पेटीत निघालं त्याच्यावर नाटक झालं पायजे. निवडून त कोणी पण राजा होते."

म्हणून भाऊ चिठ्ठ्या काढायचे. पावडरच्या डब्यात शिपायांच्या, घोड्यांच्या, बंदूकवाल्यांच्या चिठ्ठ्या असायच्या. एक चिठ्ठी हत्तींची. भाऊंनी सगळ्यांत आधी घडवले ते तीन हत्ती, झुलीसकट, सोंडा वर केलेले. ते कपाटावर उभे होते. चिठ्ठी निघाल्याशिवाय त्यांना खाली उतरवायचं नाही असा नियम, आणि चिठ्ठी कधी निघालीच नव्हती. बाई रोज त्यांच्यावरची धूळ पुसायच्या आणि पुसता पुसता बोलायच्या, "आयते बसून खाऊन राह्यले तिघंही. यायच्यासारखेच."

मी एकदा विचारलं, "भाऊ, इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

भाऊंनी आवाज खाली आणला. "बाकीच्या चिठ्ठ्या हाताळून हाताळून नरम झाल्या. हत्तीची कडकच राह्यली. बोटाले लागली का समजते. मंग मी सोडून देतो. बेईमानी होते ना."

म्हणजे इतकी वर्षं भाऊ आपल्याच हत्तींना चुकवत होते! हसावं की काय करावं, मला कळेना. पुढे तेच म्हणाले, "तू कॉम्प्युटर शिकून राह्यला ना? मंग बिनबोटाची चिठ्ठी काढून दे मले."

मी प्रोग्राम लिहिला. पहिल्याच दिवशी माझ्या चुकीमुळे भाऊंची अख्खी फौज नगारेवाल्यांची निघाली. मी माफी मागून पुन्हा बटण दाबणार, तर त्यांनी माझा हात धरला. ते नगारेवाले घेऊन माझ्या घोडेस्वारांवर चालून गेले आणि चहा उकळायच्या आत साफ हरले.

"हरले काय?" बाईंनी आतून विचारलं.

"हरलो. पर वाजवलं जोरात."

चूक सुधारल्यावर मी प्रोग्राम त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. त्या वेळी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की आत कधी काही ढवळायचं नाही. मी दिलं. हत्ती तरीही आले नाहीत. मोबाईलचा आपल्यावर राग आहे, असं भाऊंना वाटू लागलं. ते त्याला स्वच्छ रुमालाने पुसायचे आणि त्याच्याशी अदबीने बोलायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना भाऊंना दम लागायला लागला. नागपूरला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं. जायच्या आदल्या दुपारी बाईंनी मला नळावर गाठलं. नेहमीसारख्या त्या चिडवत नव्हत्या.

"बाबू, आज त्यायले हत्ती दे ना रे. एका बटनाचं काम असन तुह्यासाठी."

काम खरंच सोपं होतं. एक ओळ बदलायची होती. मी म्हणालो, "बाई, त्यांना वचन दिलंय."

"मोठा आला इमानदार! त्यायले कोण सांगाले जाते?"

मी बादली उचलून खोलीवर आलो. संध्याकाळी भाऊ भिंतीकडे तोंड करून बसले. मी वाचलं: भालेवाले, हमाल, भालेवाले. त्यांचे खांदे जरा खाली आले. "असू दे," ते म्हणाले. त्या दिवशी बाईंनी मला चहा दिला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं असं मला वाटलं. सकाळी त्यांची गाडी गेली. मी परीक्षेसाठी थांबलो. पुस्तक उघडलं की मला ती न बदललेली ओळच दिसायची.

ऑपरेशन झालं, पण भाऊ खाटेवरून उठले नाहीत. मग एका दुपारी बाईंचा फोन आला. मागे दवाखान्याचा गलका होता.

"बाबू," त्या हळूच म्हणाल्या, "बेस केलं तू. माह्या मनातला राग गेला."

"काय केलं, बाई?"

"नाटक नोको करू. यायनं मले मोबाईल दाबाले लावला. हत्ती निघाले! पर हे मानूनच नाई राह्यले. मंते, पोरानं घुसवले असन, मंग ते नाई चालत. फोन लावून विचार मंते. आता मी सांगतो त्यायले, का तू काईच नाई केलं. तू बी तसंच सांगजो."

"बाई, मी खरंच काही केलं नाही."

"माह्याजवळ त खरं बोल."

"तुमची शपथ, बाई. प्रोग्रामला मी हातही लावला नाही."

मग बाई ओरडल्या, एवढ्या जोरात की मी फोन कानापासून दूर धरला. "अवो! आयकलं काय? त्यानं नाई घुसवले!"

"मावशी, इथे पेशंट झोपलेत," कोणीतरी नर्स रागावली.

बाईंनी फोन बंद केला नव्हता. साडीची सळसळ ऐकू आली, खाट करकरली. त्या भाऊंच्या कानाशी वाकल्या असाव्यात, कारण पुढचं त्या अगदी हळू बोलल्या.

"आपणच आले जी. हत्ती आपणच आले."