कोहळ्यातला भोवरा

मुलींनी भोवरा खेळू नये असं आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं, फक्त कुणी आणून देत नव्हतं. कॉलनीतल्या पोरांकडे लाकडी भोवरे असायचे, बुगुरी म्हणायची ती त्याला. दोरीची जाळी गुंडाळायची, झटका द्यायचा आणि दुसऱ्याच्या भोवऱ्यावर आर आपटून त्याची खपली काढायची, हे मी कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघत राहायचे. मला भोवरा हवा होता, आणि तोही पितळी, म्हणजे तो कुणाच्या बापाला फुटणार नाही. हे मी बाबांना इतक्या वेळा सांगितलं की आई म्हणाली, "पुरे कर ग आता. ऐकून ऐकून कान किटले माझे."

बाबा इथेच बेंगळुरूमध्ये एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. ऑफिसची पेन्सिल चुकून खिशातून घरी आली, तर बाबा ती फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवायचे आणि सकाळी परत न्यायचे. आई यावरून त्यांची टिंगल करायची. पण आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात जे झालं, त्यानंतर तिनेही टिंगल बंद केली.

त्या घरातल्या काकांच्या जेवणाच्या डब्यात गेटवरच्या तपासणीत तांब्याची तार सापडली. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा त्यांच्या मुलीने, माझ्या मैत्रिणीने, आपल्या भातुकलीची टोपली माझ्या हातात दिली. म्हणाली, "परत आले की घेईन." ती परत येणार नाही हे मलाही कळत होतं. ती टोपली मी कॉटखाली ढकलली आणि कधीच उघडली नाही. तिच्यातल्या कपबश्यांना हात लावला तर पुढचा ट्रक आमच्या दारात येईल, अशी माझी खात्री होती.

त्याच वर्षीच्या आयुधपूजेची ही गोष्ट. खंडेनवमीला आपल्याकडे घरातली हत्यारं पुजतात, इथे अख्खा कारखाना पुजतात. वर्षातून तेवढा एकच दिवस घरच्यांना आत सोडायचे. आई त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबली होती. यंत्रांना झेंडूच्या माळा, खांबांना केळीचे खुंट, आणि जो तो हातात कडलेपुरीची, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांची पुडी घेऊन हिंडतोय. बाबांनी मला एका लेथपाशी नेलं. "यावर पितळ असं कापलं जातं, लोण्यासारखं," म्हणाले. मग इकडेतिकडे बघून माझा फ्रॉक नीट केल्यासारखं केलं आणि खिशात काहीतरी जड, गार पडलं.

"आता बघू नकोस. घरी गेल्यावर."

बघायची गरजच नव्हती. बोटांना आर लागली, जाळीच्या खाचा लागल्या. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. तो आनंद जेमतेम वर्कशॉपच्या दारापर्यंत टिकला. बाहेर आले आणि समोर गेटवरची रांग दिसली. सणाचा दिवस असूनही तपासणी चालूच होती. पिशव्या उघडत होते, पुरुषांना हात वर करायला लावून खिसे चाचपत होते.

माझी पाचावर धारण बसली. पेन्सिल परत नेणारा माझा बाप, आणि माझ्या खिशात कारखान्याचं पितळ. बाबांकडे पाहिलं तर ते समोर बघत होते. रांग सरकत होती. मला ट्रक दिसायला लागला, त्यात आमच्या गाद्या, आईची शेगडी, आणि माझ्या भातुकलीची टोपली मी कुणाला द्यायची हेसुद्धा मी ठरवायला लागले.

गेटच्या अलीकडे दृष्ट काढून कोहळा फोडलेला होता, आत कुंकू कालवलेला, लालभडक. त्या कोहळ्यावरून पाय टाकायचा नाही, त्याला शिवायचं नाही, हे आम्हा पोरांना पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांची पीडा त्यात उतरलेली असते. म्हणजे त्यात कुणीही हात घालणार नव्हतं. मी सँडलचं बक्कल लावायला वाकले आणि भोवरा त्या गरात खोल खुपसला.

"पुट्टी, एन आयतु?" काय झालं ग, म्हणून गेटवरच्या वॉचमन अण्णांनी माझा लाल हात धरला. मग कुंकू आहे हे बघून हसले. बाबांना हात वर करायला लावले, खिसे चाचपले आणि म्हणाले, "सरी सर, होगी." म्हणजे ठीक आहे, जा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वाटेत एका झाडाखाली स्कूटर थांबवली आणि पुढे बघूनच विचारलं, "आहे ना?"

"नाही. कोहळ्यात टाकला."

ते खाली उतरून रुमालाने माझा हात पुसायला लागले. रुमाल ओलाच होता. त्यांचे तळहात घामाने थबथबले होते. "बरं केलंस," म्हणाले. आणि मग, "आईला सांगू नकोस."

तोवर मी फक्त घाबरले होते. बाबाही घाबरतात हे मला त्या क्षणी कळलं आणि मग जी भीती बसली ती वेगळीच होती. शिवाय मी पीडेत हात घातला होता. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळचा भोंगा झाला की मी फाटकात उभी राहायचे, बाबांची स्कूटर वळणावर दिसेपर्यंत. नोकरी गेली नाही, ते तिथूनच निवृत्त झाले. भोवरा मी परत मागितला नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही.

आता बाबा के. आर. पुरमला माझ्याकडेच असतात. परवा माझ्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही कोरमंगलातल्या खेळण्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. तिने दिवे लागणारी मोटार घेतली. दारातल्या माणसाने बिल बघायला हात पुढे केला, आणि बाबांनी आपले दोन्ही हात वर केले. लेकीला वाटलं आजोबा गंमत करतायत. तिनेही केले.

"बाबा, हात खाली करा. बिल आहे माझ्याकडे."

त्यांनी हात खाली घेतले, मग माझं मनगट घट्ट धरलं. तळहात ओला. कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पोरीच्या खिशात काही नाही ना?"

नाही म्हणायचं होतं. पण मी वाकले आणि तिचे दोन्ही खिसे चाचपून पाहिले.