मागं बत्तीस, पुढं अठ्ठावीस

"मिस्तरी, तुमचं गेज खोटं बोलतंय!"

सोनईचे भाऊसाहेब वर्कशॉपात शिरले ते असं ओरडतच. मागून त्यांचा ड्रायव्हर दगडू फाटका टायर गडगडवत आला. तो त्यानं माझ्या पायाशी आडवा केला आणि आरोपी हजर केल्यासारखा बाजूला उभा राहिला.

नगरला माळीवाडा वेशीबाहेर माझं मोटार रिपेअरचं लहानसं वर्कशॉप होतं, आणि गेज म्हणजे टायरातली हवा मोजायचा काटा. भाऊसाहेबांची बागायत मोठी, घर मोठं, आणि अख्ख्या घराला मोटार एकच. अमेरिकन, सिक्स सिलिंडर. कंपनीनं ती पाच माणसांसाठी बनवलीय, हे त्या घरात कुणालाच मान्य नव्हतं. मी स्वतः तिच्यातून एकदा अकरा माणसं आणि ज्वारीचं एक पोतं उतरताना पाहिलंय.

"आठ दिवसांमागं तुमीच हवा भरली," भाऊसाहेब म्हणाले. "मागं बत्तीस पौंड. हवा जास्त झाली, अन् काल घोडेगावजवळ मागचा डावा टायर फाडकन फुटला. त्याच बाजूला माझी सुमन बसलेली, मिस्तरी! आठवा महिना हाय तिला!"

हे ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. सुमन त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. काल तिला नगरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून सगळे घरी परतत होते. बाईंनी सांगितलं होतं, मूल पायाळू आहे. म्हणजे डोक्याऐवजी पाय खाली. घरी सुईणीच्या हातून हे होणार नाही, आजच पोरीला इथं ठेवा. पण भाऊसाहेबांची थोरली विधवा बहीण, आक्का, अडून बसली. डोहाळजेवण झाल्याशिवाय पोर दवाखान्यात कशी ठेवायची? मग आठ दिवसांची मुदत ठरली. आणि परतीच्या वाटेवर टायर गेला.

आता तुम्ही म्हणाल, गेला तर दुसरा घ्यायचा. अहो, लढाई चालू होती! रबर पिकतं त्या मुलखावर जपानी येऊन बसला होता. टायर परमिटवर मिळे, तेही फक्त डॉक्टरला किंवा प्रवासी सर्व्हिस मोटारीला. भाऊसाहेब कचेरीत जाऊन आले होते. कारकून म्हणाला, "साहेब, नातवंडासाठी टायर, असा रकानाच नाही फॉर्मात." म्हणजे आता गाडीला तीन टायर आणि चौथा जुना स्टेपनीचा. जादा एकही नाही. सोनईहून नगरला येताना मधे इमामपूरचा घाट. तिथं पोरीला घेऊन आणखी एक टायर फुटला तर काय, हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

मी फुटका टायर उलटा करून आत हात फिरवला. बोटांना काळी पूड लागली. आतले दोरे गोल रेघेत तुटलेले होते.

थोडं समजावून सांगतो. टायर फुटला की लोक म्हणतात, हवा जास्त झाली. बहुतेक वेळा उलटंच असतं. हवा कमी असली की टायर चाकाच्या दर फेऱ्याला दबतो आणि उठतो, दबतो आणि उठतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसे त्याचे आतले दोरे तुटतात. तो तापतो आणि एक दिवस जातो. जास्त हवेनं गाडी उडते, माणसाची हाडं खिळखिळी होतात, टायर मधोमध झिजतो. पण अशी काळी पूड पडत नाही.

"भाऊसाहेब, हा उपाशी मेलाय," मी म्हणालो. "बत्तीस मी भरले होते. ते काढले कुणी?"

"कोन काढील? दगड्या, तू काढली का रं हवा?"

"आईच्यान, न्हाई मालक! मी कशाला काढू? मी तर..." दगडू मधेच थांबला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

"मग सोनईला चला," भाऊसाहेब म्हणाले. "तितं बसून बगा, हवा कुठं जाती ती. तवर तुमच्या गेजावर माझा इश्वास न्हाई."

मला राग आला. ते गेज मी साफसूफ करून फडक्यात गुंडाळून ठेवायचो. बायकोनं एकदा त्याला भाजीच्या पिशवीत टाकलं म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. पण सुमनचा विचार आला आणि गेज खिशात घालून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनईला, टायर थंड असताना, सगळ्या घरासमोर मी हवा भरली. मागं बत्तीस, पुढं अठ्ठावीस. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून एक काम केलं. हवा भरायच्या नळीला व्हॉल्व म्हणतात, त्यावर एक टोपण असतं. टोपणापासून खाली नळीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. चारही चाकांना. टोपण कुणी फिरवलं तर रेघ मोडणार. मिलिटरीच्या वर्कशॉपात काम करत होतो तेव्हा एका सार्जंटाकडून शिकलेली ही विद्या.

भाऊसाहेब दगडूला घेऊन कामासाठी नेवाशाला गेले. मी मुद्दाम मागं राहिलो. त्यांच्या विहिरीवरचं इंजिन बिघडलेलं होतं, ते खोलून बसलो. दुपारनंतर गाडी परत आली. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. जेवलो आणि झोपलो.

सकाळी अंगणात जाऊन पाहतो तर चारही रेघा मोडलेल्या!

गेज लावलं. पुढचा डावा चोवीस. पुढचा उजवा छत्तीस. मागचा उजवा अडतीस. आणि मागचा डावा, सुमनच्या बाजूचा, सतरा! एका गाडीला चार टायर आणि चार तऱ्हा. ही गाडी सरळ कशी चालत होती, तिचं तिलाच ठाऊक.

मी भाऊसाहेबांना हाक मारली. घर गोळा झालं. मी मोडलेल्या रेघा दाखवल्या. "भुताटकी नाही. हवा आपोआप टोपण फिरवून बाहेर येत नाही. बोला."

पहिला फुटला दगडू. "उस्ताद, मी काढली न्हाई, मी भरली! टणक टायर लई टिकतो. माज्या अंगाला हाय तेवड्याच दोन चाकात मारली, नेवाशाला, मालक कचेरीत गेल्यावर. रोजच मारतो."

"रोज?" भाऊसाहेब ओरडले. "मला न विचारता?"

"तुमी टायर नीट ठेव म्हनला हुता मालक!"

"आणि सतरा कुणी केली?" मी विचारलं.

मग आक्का पुढं आल्या. साठीच्या, अंगानं बारीक, आवाज मात्र अख्ख्या वस्तीला पुरेल असा. कनवटीतून त्यांनी गोणी शिवायचं दाभण काढलं.

"म्या केली," त्या म्हणाल्या. "ह्या दाभनानं. त्या नळीतली टिकली दाबली की फुस्स करती. रस्त्याला लई खड्डे. कवा बी निघायला लागलं तर मऊ गादीवर पोरगी बसावी म्हनून तिच्या बाजूची सोडली. काय चुकलं?"

"आक्का, घोडेगावजवळ फुटला तो ह्याच चाकाचा टायर," मी म्हणालो. "त्या दिवशीही सोडली होती?"

आक्कांच्या हातातलं दाभण तसंच राहिलं. चेहरा एकदम उतरला. त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "म्हंजी माज्या हातानंच का रं मी तिला..." मला वाईट वाटलं. दाभणाच्या टोकाला माया होती, पण टायरला ते कसं कळणार?

भाऊसाहेबांना मात्र आता चेव चढला. "बगा मिस्तरी! घरात हे आसले लोक! शिकलेलं माणूस मी एकटा..."

"भाऊसाहेब," मी मधेच म्हणालो, "पुढच्या डाव्यात चोवीस आहे. तिथं दगडूचा पंप नाही आणि आक्कांचं दाभणही नाही. मग चार पौंड गेले कुठं?"

भाऊसाहेबांनी खाकरून घेतलं. कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि बाहेर काढलं एक नवंकोरं गेज! मिलिटरीच्या लिलावातून घेतलेलं, कुणाला न सांगता.

"मी चुकीचं काय बी केलं न्हाई," ते म्हणाले. "पुस्तकात लिवलंय पुढं अठ्ठावीस, मागं बत्तीस. नेवाशाला उतरल्यावर मोजली तर बत्तीस अन् छत्तीस! तुमीच जास्त भरली हुती. मी पुस्तकापरमानं करून ठेवली. दर खेपंला करतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या!

मी कपाळाला हात लावला. "भाऊसाहेब, भाकरी तव्यावर फुगते का नाही? मग फुगली म्हणून तिच्यातलं पीठ काढता का? गाडी पळाली की टायर तापतो, आतली हवा फुगते, काटा चार पौंड वर जातो. तो जाणारच. पुस्तकातला आकडा थंड टायरचा. तुम्ही तापलेल्यातून काढलीत. टायर थंड झाला की तेवढी हवा कमी. त्यावर आक्कांचं दाभण. टायरनं करावं काय?"

इतका वेळ सुमन दारात उभी राहून ऐकत होती. पोटावर हात ठेवून ती सावकाश अंगणात आली.

"आबा, आत्या, सगळं माझ्यासाठीच चाललंय ना?" ती म्हणाली. "मग मला एकदा तरी कुणी विचारलं? मला खड्डे चालतील. घाटात फुटलेल्या टायरपाशी झाडाखाली बसणं नाही चालायचं. आणा इकडं."

तिनं हात पुढं केला. दगडूचा पंप, आक्कांचं दाभण आणि भाऊसाहेबांचं गेज, तिन्ही जप्त. माझ्याकडंही तिनं पाहिलं. मीही मुकाट्यानं माझं गेज दिलं.

"शेखभाई, तुम्हाला हवं तेव्हा मागा. थंड असताना," ती मला म्हणाली.

डोहाळजेवण तीन दिवसांनी होतं. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे सुमनला कळा सुरू झाल्या. इंजिन दुरुस्त करायला मी तिथंच होतो, ते बरं झालं. सगळं घर गाडीत चढू लागलं. आत्तेभाऊ, चुलत्या, डिंकाच्या लाडवांचा डबा, पाण्याचा हंडा. मी दार धरून उभा राहिलो. "पाच माणसं. सहावं पोटात आहे." सुमन, भाऊसाहेब, आक्का, दगडू आणि मी. चारही टायर मोजले. मागं बत्तीस, पुढं अठ्ठावीस. निघालो.

इमामपूरच्या घाटात सुमनचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. आक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत होत्या. मीही मनात दुवा मागत होतो. सगळं लक्ष कानाशी. जरा खडी उडाली तरी मी बाहेर मान काढून चाक बघे. वर चढून गाडीनं दम खाल्ला, तेव्हा भाऊसाहेबांनी खाली उतरून टायरला हात लावला.

"मिस्तरी, लई तापलाय. फुटंल का? जरासी सोडू का हवा, जरासीच?"

आतून सुमन दात आवळून म्हणाली, "आबा, व्हॉल्वला हात लावाल तर मी इथंच उतरून चालत जाईन."

भाऊसाहेब गुपचूप आत येऊन बसले. पुढचे सगळे मैल त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

वेळेत पोचलो. तासाभरात मुलगी झाली, पायाळूच. दोघी सुखरूप. ते ऐकून भाऊसाहेब रडले, आक्का रडल्या, आणि दगडू दवाखान्याबाहेर टायरांवर डोकं टेकून रडला. माझ्याही डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

दोनेक वर्षांनी माझ्या कंबरेत उसण भरली. पंप मारमारून आलेलं दुखणं. वाकता येईना. ही खबर सोनईला पोचली आणि आक्का त्या पोरीला घेऊन वर्कशॉपात हजर! पायाळूनं लाथ मारली की उसण जाते, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत. मला बाकावर पालथं झोपवलं. पोरीनं दोन्ही पायांनी मनसोक्त लाथा घातल्या, आक्का मोजत होत्या. "आनिक दोन घाल गं, ह्यानंच तुला आनलंय!"

उसण गेली का? तिसऱ्या दिवशी गेली. आक्का म्हणाल्या लाथेनं, बायको म्हणाली शेकानं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा सोनईला कळू दिली नाही. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या वर्कशॉपात माझं गेज त्यांच्या पक्क्या गेजाशी ताडून पाहिलं. माझं दोन पौंड कमी दाखवत होतं. म्हणजे भाऊसाहेब पहिल्या दिवशी ओरडले ते खरंच होतं, माझं गेज खोटं बोलत होतं. आम्ही घाट चढलो ते बत्तीसवर नव्हे, चौतीसवर!

इतकी वर्षं हा धंदा करून मला एवढंच कळलं. गेज रोज तेच दोन पौंड खोटं बोलत असेल तर टायर निभावून नेतो. माया करणारे चार हात लागले की त्याचा नाइलाज होतो.